बोर्ड गेलंय म्हणाले, पण नेमकं काय गेलंय?

पत्र: ताई, मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर सोलापुरात अशोक चौकाजवळ. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, आई घरी विड्या वळते. दादाने डिप्लोमाला असताना २०१७ साली घेतलेला लॅपटॉप आता माझ्याकडे आहे. आय-थ्री, सातवी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क. आधीच लई स्लो होता, एका बाजूचं बिजागर तुटलंय, टचपॅड जरा वर आल्यासारखा झालाय आणि क्लिक होत नाही म्हणून माउस लावायचे. मागच्या आठवड्यात बटण दाबलं तर लाईट लागली, पंखा फिरला, पण स्क्रीन काळीच. दुकानदाराने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला बोर्ड गेलंय, ९ हजार लागतील, त्यापेक्षा ४२ हजारात नवा देतो हप्त्यावर. पप्पा भिशी उचलतो म्हणतायत. मला ते नकोय. पण हा जुना घेऊन कॉलेजला जायची लाज पण वाटते, मैत्रिणी डबा म्हणतात. दादाच्या लग्नाचे सगळे फोटो पण यातच आहेत. काय करू?

उत्तर:

अगं पोरी, बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी त्याचा चार्जर काढ. हे वाचत असताना लावलेला असेल तर आत्ताच उठ आणि काढ.

टचपॅड वर आल्यासारखा झालाय, हे तू मधेच एका ओळीत लिहून पुढं गेलीस. तुला ते किरकोळ वाटलं असेल, मला वाचून धस्स झालं. टचपॅड आपणहून वर येत नाही गं, त्याला खालून काहीतरी ढकलत असतं, आणि या पातळ लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या बरोबर खाली बॅटरी असते. लिथियमची बॅटरी जुनी झाली, रात्रंदिवस चार्जिंगला राहिली, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत पत्र्याखाली तापली, की तिच्या आत गॅस धरतो आणि ती पुरीसारखी फुगते. क्लिक होत नाही ते त्याच्यामुळंच. अशी बॅटरी दाबली, टोचली किंवा परत चार्ज केली तर पेट घेऊ शकते, आणि लिथियमची आग घरातल्या बादलीभर पाण्याला आवरत नाही. तेव्हा लॅपटॉप बंद ठेव, गादीवर किंवा पांघरुणावर ठेवू नको, मोकळ्या शहाबादी फरशीवर ठेव, आईच्या पानाच्या सुपापासून आणि तंबाखूपासून लांब. वर आलेला टचपॅड हाताने खाली बसवायचा प्रयत्न तर अजिबात करू नको, लहान भावंडं असतील तर त्यांनाही सांग.

मग दुसऱ्या दिवशी एखाद्या कारागिराकडं ने आणि म्हण, आधी फक्त बॅटरी काढून द्या, माझ्यासमोर. एवढंच. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. मी स्वतः कितीतरी मशीन उघडलीत पण फुगलेल्या बॅटरीला घरी हात लावा असं मी कुणाला सांगत नाही, तुला तर नाहीच. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, कारण गाडीत कचरा दाबला जातो. कारागीर ई-कचरा गोळा करणाऱ्यांना देत असेल तर त्याच्याकडंच ठेव, नाहीतर देईपर्यंत कोरड्या वाळूच्या कुंडीत ठेव, घराबाहेर, सावलीत.

आता बोर्डाचं, म्हणजे मदरबोर्डचं, ज्याला लॅपटॉपचे सगळे भाग जोडलेले असतात.

मी सतरा वर्षं विडी घरकुलच्या बाजूला कॉम्प्युटर क्लास चालवला. बारा मशीन होती, प्रत्येक मशीन कधी ना कधी बंद पडलं, आणि दरवेळी माणूस बोलवायला पैसे नसायचे म्हणून मी शिकले, आधी भीत भीत, मग सवयीने. त्या सगळ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की मशीन गेलं असं कधी नसतं, मशीनमधलं काहीतरी एक गेलेलं असतं. काय गेलं ते जोवर कुणी नाव घेऊन सांगत नाही तोवर पैसे काढायचे नाहीत. बोर्ड गेलं हे नाव नाही गं, डॉक्टरने छाती गेली म्हणण्यासारखं आहे ते. बोर्डावर शेकड्यांनी पार्ट असतात.

आणि तुझ्या पत्रातल्या खुणा बघ की. लाईट लागते, पंखा फिरतो, स्क्रीन काळी. म्हणजे करंट आत येतोय. त्यात बिजागर तुटलेलं. बोर्डाकडून स्क्रीनकडं जाणारी जी पट्टीसारखी केबल असते ना ती बिजागराच्या शेजारूनच वर चढते, बिजागर तुटलं की झाकण उघडताना ती दर खेपेला चिमटते, ताणली जाते आणि एक दिवस तिच्यातली तार तुटते. मग मशीन आत जिवंत असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. मी बोर्ड चांगलंच आहे अशी खात्री देत नाही, न बघता ते सांगता येत नाही, पण दोन मिनिटात बघून ते गेलं असं सांगणाऱ्यालाही ते कळलेलं नसतं.

बॅटरी काढली की बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. तेव्हा तिथंच दुकानात बसून या गोष्टी करून बघ किंवा करायला लाव. बटण दाबून दीड-दोन मिनिटं थांब आणि कॅप्स लॉकचं बटण दाब, त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का बघ. लागत-विझत असेल तर आत मशीन चालू झालंय, नुसतं दिसत नाहीये. काही मॉडेलला तो दिवाच नसतो, मग मोबाईलची टॉर्च काळ्या स्क्रीनवर तिरकी धरून बघ, आत पुसटसं चित्र दिसलं तर स्क्रीनच्या मागचा उजेड गेलाय. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे एचडीएमआय केबल लावून टीव्हीवर किंवा दुकानातल्या मॉनिटरवर बघणं, तिथं चित्र आलं तर बोर्ड बहुतेक शाबूत, खर्च केबलचा किंवा पॅनलचा, आणि केबल तर यातली स्वस्तातली गोष्ट.

टीव्हीवर पण काही आलं नाही, तर लगेच हाय खाऊ नको, पुढची पायरी रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणारी पट्टी. हे काम मला करायला मनापासून आवडायचं म्हणून जरा सविस्तर सांगते. चार्जर काढायचा, बॅटरी आधीच निघालीय, मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. हाताने एखाद्या उघड्या लोखंडाला शिवायचं. मागचं झाकण उघडलं की रॅमची हिरवी पट्टी दिसते, बोटाएवढ्या लांबीची, तिच्या दोन्ही कडांना दोन चिमटे असतात, ते अंगठ्यांनी बाहेर सारले की पट्टी आपोआप तिरकी उठते. तिला कडेने धरून काढायचं आणि तिच्या पिवळ्या सोनेरी दातांवर शाळेतला साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, एकाच दिशेने, घासायचं नाही. खोडरबराच्या चुऱ्यात काळपट मळ आलेला डोळ्यांना दिसतो. चुरा ब्रशने झटकायचा, पट्टी परत तिरकी घालायची आणि खाली दाबायची, चिमटे टक करून बसले पाहिजेत. माझ्या क्लासमध्ये नो डिस्प्ले म्हणून रडणारी कितीतरी मशीन एवढ्यावर उठली. काही मॉडेलमध्ये ४ जीबी बोर्डावरच चिकटवलेली असते, तुझं तसं असेल तर हा उपाय नाही.

झाकण उघडलंच आहे तर पंखा पण बघून घे. तुझं घर अशोक चौकाजवळ, म्हणजे आजूबाजूला माग असणार, हवेत रुई उडत असणार, आणि पप्पांच्या कपड्यांवरून घरात येते ती वेगळीच. पंखा ती आत ओढतो आणि पंख्याच्या पुढं जी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पातळ जाळी असते तिच्यावर ती साठत जाते. मी एकदा एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमधून चिमट्याने अख्खी पट्टी ओढून काढली होती, राखाडी, जाड, दाबून बसलेली, टॉवेलची किनार फाडून ठेवावी तशी. हवा जायलाच जागा नव्हती. तो पोरगा वर्षभर म्हणत होता की लॅपटॉप तापतो आणि मधेच बंद होतो, आणि त्याला दोन जणांनी प्रोसेसर गेला म्हणून सांगितलेलं. पट्टी काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, पुढं तीन वर्षं चालला. आपल्या गावात वर्षातून एकदा हे करायलाच पाहिजे, पुण्या-मुंबईच्या हिशोबाने चालत नाही.

एवढं करूनही नाहीच उठलं तर मग बोर्डाचा प्रश्न, आणि तेव्हा चिप लेव्हलचं काम करणारा माणूस शोध, म्हणजे जो मीटर लावून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून कुठल्या लाईनला शॉर्ट आहे ते शोधतो आणि तेवढाच पार्ट बदलतो. पुष्कळदा तांदळाच्या दाण्याहून लहान कॅपॅसिटर जळालेला असतो. त्याला सरळ विचार, कुठला पार्ट, किती दिवसांची वॉरंटी, पावतीवर लिहून द्याल का, जुना पार्ट परत मिळेल का. चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात, तो खुर्ची ओढून दाखवायला बसतो. आणि कुणी नुसतं हिटिंग मारून देतो म्हणाला, म्हणजे चिपला गरम हवा देऊन, तर नको म्हण. त्याने मशीन चार-आठ दिवस उठतं, कधी महिना दोन महिने, आणि परत बसतं, तोपर्यंत पैसे गेलेले असतात.

आता फोटो. हे वाचताना मला माझी गोष्ट आठवली म्हणून थोडं कळकळीने लिहिते. एकदा क्लासचं मुख्य मशीन चालू होईना, माझी तब्येत बरी नव्हती म्हणून एका दुकानात पाठवलं. संध्याकाळी मशीन चालू होऊन आलं, मी खूश, आणि उघडून बघते तर सगळं कोरं. न विचारता फॉरमॅट मारलेलं. सहा वर्षांची मुलांची नोंद, फीचा हिशोब, पहिल्या बॅचचे फोटो, त्यात एक मुलगी होती जी पुढं राहिली नाही, तिच्या आईने माझ्याकडं तो फोटो मागितला होता आणि मी देते म्हणाले होते. ते आजही बोचतं मला. तेव्हा तू काय कर, बॅटरी काढतील तेव्हाच हार्डडिस्क पण काढून मागून घे. दोन-चार स्क्रू असतात. ती काढल्यावरही वरच्या सगळ्या टेस्ट होतात, स्क्रीनवर डिस्क सापडत नाही असा मेसेज येईल, आला तर आनंदाची गोष्ट आहे, म्हणजे डिस्प्ले आला. डिस्क घरी आण, यूएसबीच्या केसमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत घाल, कुणाच्या तरी चालू मशीनला लावून फोटो दोन ठिकाणी कॉपी कर, एक प्रत दादाकडं पाठव. लावल्यावर डिस्कमधून टकटक आवाज आला तर मात्र लगेच काढ आणि परत परत लावून बघू नको, तेव्हा ती डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडंच जायला हवी.

स्लो होता म्हणालीस, त्याचं मूळ पण ही हार्डडिस्कच. तिच्यात तबकडी फिरते, बहुतेक लॅपटॉपात मिनिटाला ५४०० वेळा, आणि एक बारकी सुई माहिती शोधत इकडून तिकडं पळत असते. विंडोज १० तिला श्वास घेऊ देत नाही. तिच्या जागी साधी साटा एसएसडी टाकली की, फिरणारं काहीच नाही त्यात, तेच मशीन वेगळं वाटायला लागतं, हा फरक मी माझ्या डोळ्यांनी इतक्यांदा बघितलाय की बिनधास्त सांगते. रॅम ४ ची ८ केलीस तर अजून बरं, पण २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्हीचे भाव चढलेत, म्हणून आधी एसएसडी, छोटी २५६ ची चालेल, रॅम नंतर, आणि दोन-तीन दुकानं फिरून. दादाची जुनी डिस्क फोटोंसाठी तशीच जपून ठेव.

विंडोजचं सांगायलाच पाहिजे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढंच अधिकृतपणे चालतं, तुझी सातवी, एका पायरीने राहिली. हेच कारण सांगून बरेच दुकानदार आता चांगली मशीन भंगारात काढायला लावतायत. नाव नोंदवलं तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, आणि त्याच्या पुढं विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स मिंट आहे, फुकट, ४ जीबीत नीट चालतं, २२ नंबरच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ब्राउझर, ऑनलाईन लेक्चर, लिहिणं, एक्सेलसारखं शीट, सगळं होतं, मराठी टायपिंग पण होतं. फक्त तू बीकॉमची, तुला हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर लागणार आणि टॅली विंडोजवरच सरळ चालतं. म्हणून एसएसडीचे दोन भाग करून दोन्ही ठेव, टॅलीपुरतं विंडोज, बाकी सगळं, विशेषतः बँकेचं आणि फॉर्म भरायचं, मिंटवर.

बिजागराला टाळाटाळ करू नको. प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटा उखडलेल्या असतात, अॅराल्डाइटने परत बसवता येतात किंवा तेवढं पॅनल जुन्या मशीनचं मिळतं. ते न करता नवी केबल टाकलीस तर ती पण तुटेल. आणि नवी बॅटरी घेशील तेव्हा जुनीवर छापलेला पार्ट नंबर जुळवूनच घे. बॅटरीशिवाय काही दिवस काढलेस तर लाईट गेली की मशीन फटकन बंद होणार हे लक्षात ठेव, दर पाच मिनिटांनी सेव्ह करत जा.

कधी दुरुस्त करू नये तेही सांगते, कारण मी जुन्याचा हट्ट करणाऱ्यातली नाही. बोर्डावर पाणी किंवा चहा सांडून हिरवा गंज चढला असेल, किंवा सगळा खर्च मिळून त्याच तोडीच्या सेकंडहँड मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर थांब. पण तेव्हाही ४२ हजारच्या हप्त्याकडं जाऊ नको, मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले लॅपटॉप, दणकट, सहज उघडणारे, आठव्या जनरेशनच्या पुढचे, आपल्याकडं मिळतात, ते बघ. आणि तुझ्या जुन्यातली रॅम, चार्जर, स्क्रीन दुसऱ्या कुणाचं तरी मशीन उठवू शकतं, ते कारागिराला विक.

डबा म्हणतात त्याचं मला खरंच वाईट वाटलं. पप्पांना विचार, त्यांचा माग किती सालचा आहे. तुझ्या वयाहून मोठा निघेल. पिकर तुटला, पट्टा गेला, धोटा झिजला म्हणून कुणी माग भंगारात दिला का? माग दुरुस्त करणारा जॉबर येतो, कान देतो, तेवढंच बदलतो, आणि दुपारपर्यंत माग परत खडखडायला लागतो, त्याच मागावर तुझं घर चालतं आणि तुझी फी भरली जाते. आणि आपल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर निघते ना, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची ती माळ, कुठं भोक आहे त्यावरून कुठला धागा उचलायचा ते ठरतं, ती युक्ती १८०४ सालच्या सुमाराची आहे, आणि इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने गणिती यंत्राचा विचार करताना तीच भोकांची कार्डं घेतली, पुढं कितीतरी वर्षं कॉम्प्युटर तशाच कार्डांवर चालले. म्हणजे तुझ्या मांडीवरच्या त्या मशीनचं आणि पप्पांच्या कारखान्याचं नातं लांबचं का होईना, रक्ताचं आहे. मैत्रिणींना हे सांग किंवा सांगू नको, पण तू स्वतः मनात धर.

जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीच्यातला बराच कुणीतरी कुठंतरी जाळतं, ॲसिडमध्ये टाकतं, आणि ते करणारी माणसं आपल्यासारख्याच वस्त्यांमधली असतात. लॅपटॉपच्या बाबतीत तर प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, आपण वापरतो त्या विजेचा वाटा कमी. २०१७ साली त्याची जी किंमत पृथ्वीने मोजली ती मोजून झालीय, आता तो जितकी वर्षं चालेल तितकं चांगलं.

पप्पांना सांग, भिशी या महिन्यात उचलू नका, आठ दिवस थांबा. उद्या बॅटरी आणि डिस्क काढून घे, फोटो दोन ठिकाणी ठेव, आणि मग चार्जर लावून पहिल्यांदा कॅप्स लॉक दाबशील तेव्हा दिवा बदलला का नाही तेवढं मला लिही, पुढचं त्यावरून ठरवू.